तवकिराची खळ

लग्न होऊन वडगावात आले तेव्हा पहिले काही महिने मला नावच नव्हतं. गल्लीतल्या बायका मला ‘रानातली’ म्हणत. "रानातली आली गं पाण्याला, सरा जरा," असं माझ्या तोंडावर चालायचं. त्यात खोटं काही नव्हतं. माझं माहेर कणकुंबीच्या अलीकडं, जंगलाला चिकटून. आम्हीही जातीनं विणकरच, पण आजोबांनी माग मोडून कुळव धरला, आणि आमच्या घरात सुताचा संबंध उरला तो पोरांच्या करदोट्यापुरता. त्यामुळं विणकराची लेक असून मला तुटलेला धागा सांधता येत नव्हता, आणि आडवं सूत ओवणारा धोटा हातात घेतला की तो दुसऱ्याच्या घरचा असल्यासारखा पळायचा.

मीही काही गरीब गाय नव्हते. एकदा पाण्याच्या रांगेत फारच झालं तेव्हा म्हटलं, "तुमास्नी रानात सोडलं तर वाघ लागायचा न्हाय, भुकंनंच मरशीला." शेजारची आक्का तेवढी खो खो हसली. बाकीच्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

आत्याबाई मात्र मला कधी रानातली म्हणाल्या नाहीत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. अंगानं काटकुळ्या, बोलणं मोजकं. सासरे लवकर गेलेले. घरात दोन हातमाग होते, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे. एकावर माझे यजमान बसत, दुसऱ्यावर आत्याबाई. मी धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायची, चूल सांभाळायची आणि अधूनमधून सूत गुंतवून ठेवायची. गुंतवलेलं सूत त्या सोडवत बसत, पण त्याबद्दल एका शब्दानं बोलल्या नाहीत. हे लिहायला बसले आहे ते त्यांच्यासाठी. उपकार फेडायचे तर राहूनच गेले, निदान सांगून तरी टाकावेत.

ते लढाईचे दिवस होते. लढाई आम्ही कुणी पाहिली नाही, पण ती आमच्या चुलीत आणि मागात शिरली होती. तांदूळ, ज्वारी रेशनवर. सूत कंट्रोलात. गल्लीला सूत पुरवणारा एक पेढीवाला होता, त्याच्याही हातात मोजकंच सूत यायचं. त्याचा नियम सरळ होता. पौषातल्या अमावास्येपर्यंत घरातल्या सगळ्या मागांचं कापड आणून टाका, पुढचं सूत घ्या. नाही आणलं तर तुमच्या वाट्याचं सूत दुसऱ्या घरी जाईल. त्याला तरी काय दोष द्यायचा? एक सूत आणि दहा हात पुढं आलेले.

असं करत करत गल्लीतले कितीतरी माग बंद पडले होते. त्या घरांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. एकजण खोकला घेऊन परत आला. दुसऱ्याचं तिकडंच काहीतरी जमलं म्हणून बोलत, आणि त्याची बायको दारात उभी राहायची थांबली होती. माझे यजमान एका सकाळी जेवता जेवता आईला म्हणाले, "ह्या खेपंला दोन्ही मागांचं कापड उतरलं तर ऱ्हातो. न्हाय तर म्या बी म्हमईला जातो. हितं बसून नुसत्या भाकरी मोडण्यात काय अर्थ हाय?"

आत्याबाईंचा हात भाकरीवर तसाच राहिला. मला पाचवा महिना होता, पहिलाच. पोटात पोर आणि नवरा मुंबईला, ह्या विचारानं मी माझी भाकरी परत टोपलीत ठेवली. यजमान स्वभावानं शब्दाचे पक्के, म्हणजे हेकट. जातो म्हणाले की जाणार. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. दोन्ही मागांचं कापड अमावास्येच्या आत उतरायला हवं होतं.

यजमानांच्या मागाची काळजी नव्हती. त्यांचा ताणा पाजून चढला होता आणि ते सकाळपासून अंधार पडेपर्यंत धोटा मारत होते. अडलं होतं ते आत्याबाईंच्या मागापाशी. ताणा म्हणजे मागावरचं उभं सूत. ते कोरडं, कच्चं तसंच चढवलं तर फणीनं घासून घासून त्याची लव उठते आणि धागे तटातट तुटतात. म्हणून त्याला आधी खळ पाजावी लागते. पीठ भिजवून त्याची पातळ खळ शिजवायची, एक-दोन दिवस आंबू द्यायची, आणि ताणा गल्लीभर बांबूच्या घोड्यांवर ताणून मोठ्या कुंच्यानं ती सुतावर बसवायची. खळ सुतावर वाळली की लव बसते आणि धाग्याला ताकद येते.

पण त्यासाठी पीठ हवं. रेशनच्या ज्वारीत माणसांचंच भागत नव्हतं, तिथं सुताच्या तोंडात काय घालणार? यजमानांच्या ताण्याला जे शेवटचं पीठ होतं ते गेलं. आत्याबाईंचा ताणा गुंडाळून कोपऱ्यात पडला होता आणि पौष अर्धा होत आला होता.

लोक काय काय करून बघत होते. चिंचोक्याची खळ घोंगडीला चालते, पण ती जाड, आणि चिंचोके घोंगडीवाल्यांनी आधीच उचलून नेलेले. कोपऱ्यावरच्या घरात डोकेबाज माणूस होता. त्यानं रताळी शिजवून, घोटून त्याची खळ केली. आमच्या लाल मातीत रताळ्यांना काय तोटा! खळ बसली छान, सूत तुकतुकीत झालं, तो दिवसभर मिशीला पीळ देत फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या ताण्यावर घोडीपासून घोडीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. रताळ्यातली साखर कुठं जाणार? बायको झाडूनं मुंग्या झाडतेय आणि तो कपाळाला हात लावून बसलाय, हे बघून आम्ही सगळ्या हसलो, आणि मग घरी येऊन गप्प झालो. आमच्याकडं तर मुंग्या यायलाही काही नव्हतं.

मला तवकीर आठवलं ते त्या मुंग्या बघूनच. कंद तोही, पण त्यातली गोडी, कडूपणा, सगळं धुऊन टाकलेलं असतं.

मार्गशीर्षात मी माहेरी जाऊन आले होते. पाऊस सरून रानहळदीची पानं वाळून भुईला टेकली की आमच्याकडं तिचे कंद खणतात. दिसायला हळदीची चुलत बहीण, पण आतून पांढरी. कंद धुवायचे, सोलायचे, खरबरीत दगडावर किसायचे आणि तो कीस भरपूर पाण्यात कालवून लुगड्याच्या मऊ फडक्यातून गाळायचा. पाणी स्वस्थ ठेवलं की तळाशी पांढरा साका बसतो. वरचं पाणी पिवळट आणि कडूजहर. ते ओतायचं, नवं घालायचं, ढवळायचं, परत बसू द्यायचं. आई प्रत्येक खेपेला बोट बुडवून जिभेला लावी. कडवट लागलं की "आजून एक पानी." जिभेला काहीच कळेनासं झालं की तवकीर झालं. मग उन्हात वाळवायचं. चिमटीत धरलं की कुरकुरतं. टोपलीभर कंद किसून हाताची सालटी निघतात तेव्हा कुठं ओंजळ-दोन ओंजळ हाती लागतं.

आईनं त्या वेळी मडकंभर तवकीर केलं होतं, सगळं माझ्यासाठी. "ह्ये बाळाचं," ती म्हणाली होती. "प्वाट बिघडलं, दूध कमी आलं, तर ह्येची पातळ पेज द्येयाची. तान्ह्या पोराला बी पचतंय. सासरी वाटत सुटू नगंस." मडक्याचं तोंड तिनं फडक्यानं बांधून दिलं होतं.

ते मडकं मी आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवलं. "आत्याबाई, ह्ये शिजवलं की लई चिकाट हुतंय बगा. सुताला चालंल का?"

त्यांनी चिमूट घेऊन अंगठ्यानं चुरडली. "तुज्या आयनं पोरासाटनं दिल्यालं हाय न्हवं ह्ये?"

"पोराचा बाप हितं ऱ्हायला तर पोराला कायबी चालंल," मी म्हटलं.

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या आणि मग हसल्या. त्यांचा वरचा एक दात पडलेला आहे हे मला त्या दिवशी कळलं.

अर्धं तवकीर मी गार पाण्यात कालवलं आणि आधणात सोडलं. पांढरंशुभ्र पाणी ढवळता ढवळता एकाएकी जड झालं आणि बघता बघता नितळ होऊन गेलं. डाव बुडवला तर डावाचा तळ दिसत होता. तांदळाची खळ शिजली तरी पांढरीच राहते, ज्वारीची मळकट. आत्याबाईंनी जन्मात असली खळ पाहिली नव्हती. "ही खळ हाय का काच गं?" त्या म्हणाल्या, आणि हौसेनं आक्कालाही बोलावून दाखवली.

इथवर सगळं ठीक होतं. पुढं आम्ही काय केलं, तर झाकण घालून ती आंबायला ठेवली!

आत्याबाईंच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. खळ आंबल्याशिवाय सुताला लावायची नाही ही त्यांच्या सासूची शिकवण. तयार झाली की नाही हे त्या जिभेवर ठरवत. आंबटपणा टाळूपर्यंत गेला की झाली. आमच्या माहेरी जीभ कडूपणा शोधायची, इथं आंबटपणा, आणि तवकिरात दोन्ही नाही. मला तरी कुठं माहीत होतं ठेवलं तर काय होतं ते? आमच्या घरी तवकिराची पेज कधी उरलीच नव्हती. सकाळी आत्याबाईंनी बोट लावून बघितलं. "आंबली न्हाय. ऱ्हाऊंदे आजून." मी दर तासाला झाकण काढून बघायची. आक्का भिंतीपलीकडून म्हणाली, "आगं, पी हळद नि हो गोरी, आसं हुतंय व्हय कुटं? दम धर की!"

दम धरला. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर भांड्यात वर पाणी आणि खाली गोळे. आंबट नाही, चिकट नाही, काही नाही. आत्याबाईंनी तरी एक लडी त्यात बुचकळून वाळवली. लव होती तशीच उभी, मांजराच्या शेपटीसारखी. अर्धं तवकीर गेलं आणि हातचे दिवसही गेले. मला रडूच आलं. आईची सोललेली बोटं माझ्या डोळ्यांपुढं आली. मला वाटलं आता आत्याबाई बोलतील, आणि बोलल्या असत्या तरी मी ऐकून घेतलं असतं. त्या म्हणाल्या, "रडतीस कशापायी? ह्येला आंबवायचं नसतंय, ऊन ऊन लावायचं आसतंय, येवडं तर कळलं."

मग उरलेल्यातलं मूठभर घेऊन ताजी खळ केली आणि कोमट असतानाच लडीला लावली. लव बसली! सूत वाळून चकाकायला लागलं. पण दोन्ही हातांत धरून ओढलं तर तट्कन तुटलं. पौषातला वारा कोरडा, त्यात ही खळ वाळली की कडक होते, वाकत नाही. आत्याबाईंनी पुढच्या खेपेला त्यात गोडेतेलाचे थेंब सोडले. ते मात्र जमलं. सूत वाकायला लागलं, ताणलं तरी टिकलं. दोघींनी ती लडी पुन्हा पुन्हा ओढून बघितली, लहान पोरींसारखी.

आता प्रश्न राहिला मडक्यातल्या तवकिराचा. ते तळाला गेलं होतं. आख्ख्या ताण्याला पुरेल की नाही मला शंका होती. "पातळ करून भागवू," मी म्हटलं. आत्याबाई "बगू" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला मी उठले तर त्या माझ्याआधी उठून चुलीपुढं बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "तू जा, आक्काला नि पोरीस्नी हाक मार. घोड्या लावायच्या हाईत." मी गेले. पाजणीला गल्ली लागते. ताणा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणला की बैलगाडी असो की सायकल, सगळ्यांनी थांबायचं, आणि थांबलेल्या माणसानं नुसतं उभं राहायचं नाही, चिकटलेले धागे सोडवायला हात लावायचा, ही आमच्याकडची रीत. त्या दिवशी एक दूधवाला, आक्का, तिच्या दोन सुना आणि मुंग्यांवाला गृहस्थसुद्धा आला. स्वतःचा ताणा वाया गेलेला माणूस आमच्या ताण्यावर वाकून वेताच्या काठीनं धागे वेगळे करत होता. ज्यांच्याशी मी पाण्याच्या रांगेत भांडले होते त्या बायकाही आल्या. मला फार लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

आत्याबाईंनी खळीचं भांडं बाहेर आणलं. खळ भरपूर होती, पुरून उरेल एवढी. आदल्या दिवसासारखी नितळ मात्र दिसत नव्हती, जरा धुरकट होती. तेल जास्त पडलं असेल म्हणून मी तिकडं लक्ष दिलं नाही. आत्याबाई एका बाजूनं आणि आक्का दुसऱ्या बाजूनं कुंचा ओढत गल्लीच्या टोकापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. ऊन तापायच्या आत ताणा वाळला. एकही धागा तुटला नाही.

ताणा मागावर चढला, माग सुरू झाला. पण आमचे चार-पाच दिवस वाया गेलेच होते. आत्याबाई सकाळी बसल्या की दिवेलागणीलाच उठत. तरीही अमावास्या आणि उरलेलं कापड ह्यांचा मेळ बसेना. त्यात एकादशी आडवी येत होती.

आत्याबाईंच्या एकादशीबद्दल सांगायला हवं. परकरात असल्यापासून त्या दोन्ही पक्षांच्या एकादश्या करत. एकादशीला त्या मागावर बसत नसत. कारण असं की, विणताना धागा तुटतो, आणि तुटलेला धागा सांधायचा तर त्याचं टोक तोंडात धरून ओलं करावं लागतं. सुतावर खळ असते, खळ धान्याची असते. धान्याचा कण जिभेवर गेला की उपास मोडला. गल्लीतल्या बाकीच्या बायकाही एकादशी करत, पण इतकं कुणी धरत नसे. "सुताचं काय येवडं!" असं म्हणून धोटा मारत. आत्याबाई कुणाला नावं ठेवत नसत, पण त्यांचा माग त्या दिवशी बंद म्हणजे बंद. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारात घरात पैशाची ओढ होती, तेव्हाही त्यांनी हे मोडलं नाही, असं यजमान मोठ्या अभिमानानं सांगत.

दशमीच्या दिवशी यजमान संध्याकाळी त्यांच्या मागावरून उठले, आईच्या मागावरचं कापड हातानं मापून बघितलं आणि बाहेर निघून गेले. त्यांचं कापड झाल्यात जमा होतं. आत्याबाईंचं एक दिवस कमी पडणार होतं, आणि तो एक दिवस म्हणजे उद्याची एकादशी.

मला ते त्या क्षणी सुचलं आणि मी आनंदानं ओरडलेच. "आत्याबाई! तवकीर तर फराळाचं! एकादशीला आमच्यात तवकिराची खीर करत्यात की! तुमच्या ताण्याला धान्याचा कणबी न्हाय. उद्या बसा की मागावर!"

आत्याबाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी शेजारच्या रिकाम्या मागाकडं बघितलं, जिथून त्यांचा मुलगा उठून गेला होता. हातातला धोटा पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "व्हय गं. फराळाचंच की."

एकादशीला त्यांनी अंघोळ केली, तुळशीला पाणी घातलं, हात जोडून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभ्या राहिल्या आणि येऊन मागावर बसल्या. माझा पाय जमिनीला लागत नव्हता. मी पाण्याला गेले तेव्हा सगळ्या रांगेला सांगितलं. बायका दाराशी येऊन बघून गेल्या, की एकादशीला आत्याबाईंचा माग कसा चालतोय. धागा तुटायचा, त्या टोक तोंडात घ्यायच्या, बोटांनी पीळ देऊन सांधायच्या आणि परत पेडल मारायच्या. आक्का म्हणाली, "बगा, रानातलीनं सासूचा उपास बी राखला नि माग बी चालवला!" यजमान दुपारी आले, दारातच थांबले, आणि मग माझ्याकडं बघून हसले. त्या हसण्यावर मी पुढचे कितीतरी दिवस काढले असते.

फराळाला मी रताळी उकडली होती. आत्याबाईंनी ती घेतली नाहीत. दिवसभर पाण्यावर राहिल्या. मला वाटलं, कामाच्या नादात भूक नसेल.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. उपास सोडायचा म्हणून मी सकाळीच रेशनचा थोडा तांदूळ शिजवला, वरण केलं, आणि त्यांच्यापुढं ताट ठेवलं. यजमान तेव्हा नदीवर गेले होते. आत्याबाईंनी ताट हातानं बाजूला सारलं. "मला नगं. तूच खा. दोन जिवांची हाईस."

"का? बरं वाटत न्हाय व्हय?"

"आज उपास हाय माजा."

"उपास काल झाला की आत्याबाई. आज बारस."

त्या दाराकडं बघून, आवाज खाली करून म्हणाल्या, "काल झाला न्हाय गं. खळीत तांदूळ हुता."

मला आधी कळलंच नाही. "कसला तांदूळ?"

"तुजं तवकीर निम्म्या ताण्याला बी पुरलं नसतं. माज्या वाटणीचा तांदूळ मी थोडा थोडा ठिवत हुते. त्यो वाटून घातला." मग माझ्या लक्षात आलं, की पाजणीआधी आठ-दहा दिवस त्या "मला भूक न्हाय आज" म्हणून आपल्या वाटणीचा तांदूळ मला शिजवू देत नव्हत्या, आणि खळ अशी धुरकट का दिसली. तवकीर कितीही शिजवा, धुरकट होत नाही. मला ते माहीत होतं, दुसऱ्या कुणाला नव्हतं.

"मग मला सांगायचं न्हाय व्हय? मी गल्लीभर सांगत सुटले तवकीर फराळाचं म्हणून!"

"सांगितलं असतं तर तू मला बसू दिलं असतंस?"

दिलं नसतं.

"तुज्या मालकाला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "त्येला कळलं तर, आयचा उपास मोडून ऱ्हायलो म्हणंल, नि तसाच उठून जाईल. लई हेकट हाय."

"आणि देवाला?" माझ्या तोंडून गेलं.

"देवाला म्हाईत हाय की. त्येच्यापास्नं काय लपवायचं हाय? मी त्येला सकाळीच सांगितलं, काल मोडला, आज धरते. पोरापास्नं लपवायचं हाय." एवढं बोलून त्या पाण्याचा तांब्या घेऊन उठल्या आणि उपाशीपोटी मागावर जाऊन बसल्या. मी चुलीपुढं बसून पोटभर रडले, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं. असं माणूस मला सासू म्हणून मिळालं होतं, आणि मी इतके दिवस त्यांना नुसत्या कमी बोलणाऱ्या समजत होते.

अमावास्येच्या आदल्या दिवशी दोन्ही मागांचं कापड उतरलं. यजमान ते खांद्यावर टाकून पेढीवर घेऊन गेले आणि येताना नवं सूत घेऊन आले. म्हमईचं नाव त्यांनी त्यानंतर काढलं नाही. वैशाखात मला मुलगी झाली. मडकं रिकामं होतं, पण लागलंही नाही. आत्याबाई तिला मांडीवर घेऊन बसायच्या, आणि पुढच्या मार्गशीर्षात आईनं पुन्हा रानहळद खणून नवं तवकीर पाठवलं, तेव्हा आत्याबाईंनी स्वतः तिला पेज करून भरवली.

पुढं लढाई संपली, स्वराज्य आलं, पीठ मिळू लागलं. एकादशीला आत्याबाईंचा माग पुन्हा कधी चालला नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आता काय, सुनेचं तवकीर हाय की घरात!" त्या नुसत्या हसायच्या. माझ्याशी त्यांनी तो विषय परत काढला नाही, आणि मी त्यांच्या हयातीत यजमानांना कळू दिला नाही.

त्या गेल्यानंतरही सांगितलं नाही. सांगायचं म्हणून मी दोन-तीनदा तोंड उघडलं असेल. पण घरी कुणी पाहुणा आला की यजमान हमखास आईचं बोलणं काढायचे. "आमच्या आयनं जल्मात एक एकादशी मोडली न्हाय," असं ते सांगायचे, आणि मग माझ्याकडं वळून विचारायचे, "व्हय का न्हाय गं?"

"व्हय," मी म्हणायची, आणि त्यांच्या ताटात भात वाढायची.